घरच्या प्रार्थनेसाठी पेटी (हार्मोनियम): ४२ पट्ट्यांची, सुरांच्या दोन ओळींची, साधी. घ्यावी का?

रविवारी सकाळी नाशिकमधल्या कितीतरी ख्रिस्ती घरांतून तीन गाड्या तीन दिशांना जातात. आजी-आजोबा शरणपूरच्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलगा सिडकोत किंवा पाथर्डी फाट्याजवळ भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या नव्या सभेला, आणि कॅथलिक घरातून आलेली सून नाशिकरोडला मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला. एके काळी मंडळी बदलायची म्हणजे पाळकसाहेबांकडून पत्र घ्यायचे, भाऊबंदांत चर्चा व्हायची, क्वचित अबोलाही धरला जायचा. आता नातवंडे एकाच महिन्यात दोन्हीकडे जाऊन येतात आणि कोणाला त्याचे फारसे काही वाटत नाही. या सगळ्यांना एका सतरंजीवर आणणारी गोष्ट उरते ती संध्याकाळची घरची प्रार्थना. तिथे पहिला खटका उडतो तो गाण्यावरून. आजीला भजन हवे असते, मुलाला टाळ्यांचे स्तुतिगीत, सुनेला मिस्सातले अर्पणगीत. वाद्य एकच घ्यायचे आहे.

अशा घराने साधी हातपेटी घ्यावी. मापे अशी: ४२ पट्ट्या, म्हणजे साडेतीन सप्तके, सुरांच्या (आतल्या पितळी जिभांच्या) दोन ओळी, एक खर्ज म्हणजे खालच्या आवाजाची आणि एक नर म्हणजे मधल्या आवाजाची, स्केलचेंज नाही, कपलर नाही. हा आढावा कोणत्या एका कंपनीचा नाही. या मापाच्या पेट्या बरेच कारागीर बनवतात आणि त्यांचे गुणदोष बहुतेक सारखेच असतात. आमचे गुण पाचपैकी चार. एक गुण कुठे गेला तेही पुढे येईलच.

आधी पर्यायांचे बोलू, कारण घरातला तरुण हमखास कीबोर्डचाच आग्रह धरतो. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड हलका असतो, बटण दाबले की पट्टी (सा ची जागा) बदलते, हेडफोन लावून सराव करता येतो. सभेसाठी तो योग्यच आहे. घरात मात्र अडचण वेगळी होते. अॅडॉप्टर शोधा, स्टँड उभा करा, प्लगजवळची जागा धरा, मग वाजवणारा उंच खुर्चीवर आणि बाकी घर खाली सतरंजीवर. वीज गेली की सेल शोधायचे. ही सगळी मांडामांड रोज होत नाही, म्हणून कीबोर्ड आठवड्यातून एकदा निघतो आणि पुढे नाताळालाच निघतो. पेटीचा खटका (सुरांकडे हवा सोडणारी दांडी) ओढला, भाता सोडला की अर्ध्या मिनिटात गाणे सुरू होते. रोजच्या वापराच्या वस्तूला हा गुण फार मोठा आहे.

दुसरा पर्याय मोबाइलवरच्या तयार ट्रॅकचा. तो फुकट आहे आणि सगळ्यांत वाईट आहे. ट्रॅकची लय ठरलेली, पट्टीही ठरलेली. पंचाहत्तरीच्या माणसाला कडव्याच्या शेवटी श्वास पुरत नाही, तो अर्धी ओळ मागे पडतो, मग गाणेच सोडून ओठ मिटून बसतो. पेटीवाला त्याच्याकडे बघून शेवटचा सूर दोन मात्रा जास्त धरतो आणि पुढचे कडवे सगळ्यांबरोबर उचलतो. स्मरणाच्या प्रार्थनेत, कोणाचा कंठ दाटून आला असताना, हा फरक फार जाणवतो.

आता पेटीचे अंतरंग पाहू. ४२ पट्ट्यांना दोन ओळी म्हणजे ८४ सूर. सूर म्हणजे पितळेच्या चौकटीवर बसवलेली पितळेची पातळ जीभ; हवा गेली की ती थरथरते. सौराष्ट्रातल्या पालिताण्याचे सूर नावाजलेले, म्हणून दुकानात प्रत्येक पेटी ‘पालिताणा सुरांची’ म्हणून दाखवली जाते. नावावर जाऊ नका, कानावर जा. खर्जाची ओळ आवाजाला भरदारपणा देते, नराची ओळ चाल स्पष्ट ऐकवते. दहा-पंधरा माणसांच्या खोलीला या दोन ओळी पुरतात. तिसरी, मादी ओळ असलेल्या पेटीत १२६ सूर होतात, हवा जास्त लागते, भाता मारणारा हात दमतो, आणि छोट्या खोलीत लहान मुलांचा आवाज त्याखाली दबून जातो. ३९ पट्ट्यांची पेटी थोडी स्वस्त मिळते, पण वरच्या तीन पट्ट्या कमी पडतात. भजनात त्या लागत नाहीत. पाश्चात्त्य चालींच्या गीतांत उजव्या हाताने तीन सूर एकत्र (कॉर्ड) धरायचे झाले की लागतात.

कपलर नको, असे आम्ही मुद्दाम सांगतो. कपलर म्हणजे एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप दाबणारी तारांची यंत्रणा. दुकानात आवाज एकदम मोठा होतो आणि गिऱ्हाईक खूश होते. वर्षभरात त्या तारा खडखडायला लागतात, पट्ट्या जड होतात, आणि शिकणाऱ्या मुलाची बोटे दुखतात. पेटीच्या समोरच्या बाजूचे चार-पाच स्थिर सूर, जे तानपुऱ्यासारखे एक स्वर धरून ठेवतात, तेही घरच्या गाण्यात जवळपास वापरले जात नाहीत, कारण ते बहुधा काळ्या पट्ट्यांना जुळवलेले असतात. ते असले तर असू द्या, त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

स्केलचेंजचा मोह सर्वांत मोठा. त्यात पट्ट्यांची सगळी फळी डावी-उजवीकडे सरकते, म्हणून बोटे तीच ठेवून सा बदलता येतो. पण साधी पेटी सात ते दहा किलोंची, स्केलचेंजची बारा ते अठरा; किंमत बऱ्याचदा दीडपट ते दुप्पट. सरकणाऱ्या फळीमुळे हवा गळण्याच्या जागा वाढतात. शरणपूर रोडवरून सिडकोपर्यंत घरोघरच्या प्रार्थनेला पेटी स्कूटरच्या पायाजवळ ठेवून न्यायची असेल, तर हे वजन पहिल्याच महिन्यात नकोसे होते.

मग पट्टी बदलायची कशी? तीन जागांवरून वाजवायला शिकायचे, बस. घरच्या गाण्यात पुरुष, बायका, मुले एकत्र असतात. अशा मिश्र गळ्यांना वरचा टोकाचा सूर साधारण पांढरी दोनपर्यंत (सप्तकातली दुसरी पांढरी पट्टी; काळ्या पट्ट्याही अशाच मोजतात) सहज झेपतो. त्याच्या वर गेलात की अर्धे घर गप्प होते. म्हणून गाण्याचा सा आधी ठरवायचा नाही. आधी गाण्यातला सर्वांत उंच सूर शोधायचा आणि तो पांढरी दोनवर किंवा त्याच्या खाली बसवायचा. गाणे तार (वरच्या सप्तकातल्या) सा पर्यंतच जात असेल तर काळी एकचा सा घ्या. तार गंधारापर्यंत चढत असेल तर मंद्रातली (खालच्या सप्तकातली) काळी पाच. जी चाल मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंतच फिरते, आणि पाश्चात्त्य चालींत अशा पुष्कळ आहेत, तिला पांढरी पाच. या तीन जागांवर बोटे बसायला रोज वीस मिनिटांच्या सरावाने दोन-तीन महिने लागतात. स्केलचेंजवर वाचलेले पैसे या तीन महिन्यांच्या शिकवणीला लावा.

चालींचा मुद्दा निघालाच आहे तर थोडे मागे जायला हवे, कारण पेटी कशी जुळवून घ्यायची हे त्यावर ठरते. मराठी मंडळ्यांच्या गाण्यात दोन प्रवाह आहेत. मिशनरी आपल्याबरोबर चार आवाजांच्या चाली आणि पायपेटी घेऊन आले. पायपेटीत दोन्ही पायांनी भाता मारायचा, म्हणून दोन्ही हात मोकळे राहायचे आणि चारही आवाज वाजवता यायचे. काही जुन्या चर्चमध्ये ती अजून कोपऱ्यात असते. हातपेटीचे रूप पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात घडले, आणि जमिनीवर बसून गाणाऱ्यांच्या हाती पेटी आली. दुसरा प्रवाह ओवी, अभंग, पदांचा. नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) तो मोठ्या ताकदीने मंडळीत आणला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. ख्रिस्ताचे गाणे आपल्या मातीच्या चालीत गाता आले पाहिजे, हा टिळकांचा आग्रह होता, आणि आज आजीला जे भजन हवे असते ते त्या आग्रहाचेच फळ. कॅथलिकांकडे हा बदल उशिरा आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) मिस्सा लोकभाषेत करायला वाट मोकळी केली, मग मराठी गीते, पेटी, तबला वेदीजवळ आले. म्हणजे सुनेचे अर्पणगीत आणि सासूचे भजन दिसायला दोन चर्चची, पण चालीने बऱ्याचदा एकाच घरातली. मुलाच्या सभेतली नवी गीते मात्र गिटार-कीबोर्डवर बांधलेली असतात.

म्हणून पेटी सप्तकाच्या समान बारा भागांत जुळवलेली घ्या, पांढरी सहा ४४० हर्ट्झला. हल्ली शास्त्रीय संगीताच्या साथीसाठी ‘गंधार’ पद्धतीने जुळवलेल्या पेट्या मिळतात. त्यांत एका ठरलेल्या सा साठी गंधार, धैवत, निषाद नैसर्गिक जागी बसवलेले असतात. त्या एका पट्टीत भजन अतिशय गोड लागते, पण दुसऱ्या पट्टीत गेलात किंवा गिटारबरोबर वाजवले की सूर भांडतात. घरात तीन तऱ्हेची गाणी आणि तीन पट्ट्या असताना ती पेटी उपयोगाची नाही. दुकानदाराला स्पष्ट विचारा, आणि मोबाइलवर ट्युनर लावून प्रत्येक पट्टी तपासा. पाच सेंटच्या (सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) आतला फरक चालतो. ओळीने शेजारच्या दोन पट्ट्यांपैकी एक चढलेली आणि एक उतरलेली असेल तर पेटी घाईत जुळवलेली आहे.

दुकानात तपासताना क्रम पाळावा, नाहीतर विक्रेता एक सुंदर धून वाजवतो आणि आपण भुलतो. पहिल्यांदा सगळे खटके बंद करून भाता हलका दाबा. तो हाताला विरोध करायला हवा. सहज आत गेला तर हवा गळते. मग खटके उघडा, भाता मारा, एकही पट्टी दाबू नका. कुठूनही बारीक सूर आला तर एखादी झडप नीट बसलेली नाही. हे जागच्या जागी दुरुस्त होऊ शकते, पण करून घेऊनच पैसे द्या. मग फक्त खर्जाची ओळ उघडून सर्वांत खालच्या पट्टीपासून एकेक पट्टी अगदी हळू दाबत जा. खालचे सूर लांब असतात, त्यांना उठायला क्षणभर लागतो; पण एखादा शेजाऱ्यापेक्षा स्पष्टपणे उशिरा बोलत असेल किंवा झणझणत असेल तर त्याच्या जिभेत धूळ आहे नाहीतर ती चौकटीला घासते आहे. हेच नराच्या ओळीला करा. शेवटी भाता पूर्ण भरून एकच पट्टी धरा आणि भात्यावरचा हात सोडा. चांगली पेटी पंधरा-वीस सेकंद तरी सूर टिकवते. वरची फळी उघडून आत बघायला लाजू नका. स्प्रिंगा एका रेषेत, झडपांचे चामडे सपाट, सुरांचे स्क्रू घट्ट, आणि डिंक ओघळलेला नाही, एवढे दिसले पाहिजे.

आता एक गुण का गेला ते. या वर्गाच्या पेट्यांत खालच्या सहा-सात खर्ज पट्ट्या बहुधा सुस्त असतात. जलद टाळ्यांच्या गाण्यात त्या मागे राहतात. वाजवणाऱ्याने तिथे खर्जाचा खटका अर्धा बंद करून नरावर भर द्यावा. दुसरे, भात्याच्या कड्या आणि बिजागऱ्या हलक्या पत्र्याच्या असतात, दोन वर्षांत सैल होतात. नवी पेटी घेतानाच त्या पितळी बसवून मागा, खर्च फार नसतो. तिसरे, सोबतची पेटी ठेवायची पिशवी. ती पातळ असते. आत पाऊण इंचाचा फोम लावून घ्या किंवा प्लायवुडची खोकी करून घ्या.

नाशिकच्या हवेत पेटीला दोन ऋतू त्रास देतात. जून ते सप्टेंबर लाकूड ओल धरते, पट्ट्या बाजूंनी फुगतात आणि दाबलेली पट्टी वर येत नाही. अशा वेळी घाईने पॉलिशपेपर मारू नका. दिवाळीत लाकूड आकसले की त्याच पट्ट्या ढिल्या होतात आणि खुळखुळतात. पेटी बाहेरच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून फूटभर वर ठेवा, खोक्यात सिलिका जेलच्या तीन-चार पुड्या टाका, आणि महत्त्वाचे म्हणजे रोज वाजवा. आतली हवा फिरती राहते. उन्हात वाळत घालणे हा सर्वांत महागडा उपाय आहे, कारण सांधे उकलतात. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उलट होते: लाकूड आकसते, झडपांच्या बैठकी सरकतात, न दाबता सूर वाजू लागतो. पेटी कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, आणि खिडकीच्या उन्हातही नको. झुरळे आणि उंदीर भात्याचे कापड-चामडे खातात. डांबरगोळ्या कापडात बांधून खोक्याच्या कोपऱ्यात ठेवा, सुरांवर टाकू नका.

सूर झणझणू लागला तर वरची फळी उघडून मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढा, किंवा पातळ कागदाची पट्टी जिभेखालून एकदा अलगद ओढा. एवढेच घरी करावे. सूर उतरला-चढला तर जीभ घासायला बसू नका. टोकाला घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो, हे सांगायला सोपे आहे. पण नखभर जास्त घासले गेले तर ती जीभ बदलावीच लागते. जुळवणी वर्षा-दोन वर्षांतून एकदा कारागिराकडून करून घ्यावी. गणपती-नवरात्राच्या आधी सगळ्या भजनी मंडळांची वाद्ये त्यांच्याकडे असतात, आणि तेव्हा तर हवा ओलीही असते. पाऊस संपून पंधरा दिवस झाले की द्यावी, म्हणजे नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या आत पेटी घरी येते आणि कॅरोलच्या फेऱ्यांना जुळलेली मिळते.

वाजवण्यातली एक चूक जवळजवळ प्रत्येक घरात दिसते: भात्याने ताल धरणे. डावा हात ढोलकीसारखा चालला की सूर धक्क्यांनी येतो आणि गाणारे दचकून ओळ तोडतात. एका ओळीला दोन-तीन हलके, लांब झोके पुरतात. ताल टाळ्यांवर किंवा खंजिरीवर सोपवा. ते काम घरातल्या सर्वांत लहान मुलाला द्या. कीबोर्डवर शिकलेल्या तरुणाला दोन्ही हातांनी वाजवायची सवय असते, इथे डावा हात भात्यात अडकतो म्हणून तो वैतागतो. त्याला सांगा की ओळभर नुसती चाल वाजव आणि ओळीच्या शेवटच्या सुरावर तीन सूर एकत्र धर. तेवढ्याने सभेतले गीतही सभेसारखे भरलेले वाटते.

घरात कॅथलिक सदस्य असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळपासून ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या विधीपर्यंत त्यांच्याकडे वाद्य फक्त गाण्याला आधार म्हणून वाजते, स्वतंत्र वादन होत नाही. घरीही त्या तीन संध्याकाळी खर्ज बंद ठेवून नराच्या एकाच ओळीवर मंद साथ केली तर सुनेला आपले घर आपले वाटते, आणि बाकीच्यांचे काही अडत नाही. गाणे कोणी निवडायचे तेही वारांनी वाटून द्यावे. सोमवार आजीचा, मंगळवार सुनेचा, असे. ज्याचा वार त्याची चाल, आणि शब्दांत फरक असेल तर त्या दिवशी त्याच्या चर्चचे शब्द. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला सगळे घर मिळून जाणार असेल तर त्याआधीच्या आठवड्यात रोज सुनेचाच वार ठेवता येतो.

पेटी नेताना भाता बंद करण्याआधी एक पट्टी दाबून आतली हवा जाऊ द्या, मग कडी लावा, मग सगळे खटके आत ढकला. हवा कोंडून भाता दाबला तर कापडाचे सांधे फाटतात. उचलताना खालच्या लाकडाला धरा, वरच्या फळीला कधीच नाही.

आणि मेणबत्ती. प्रार्थनेला पेटीच्या सपाट फळीवर मेणबत्ती ठेवण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण तीच खोलीतली सर्वांत सोयीची जागा असते. मेण ओघळून पट्ट्यांच्या फटीत गेले की ते नुसते खरवडून निघत नाही. पट्ट्यांची पूर्ण ओळ उतरवून प्रत्येक पट्टीची कड साफ करावी लागते आणि कारागीर त्याची मजुरी अख्ख्या जुळवणीइतकी घेतो. मेणबत्तीला, फुलदाणीला आणि पाण्याच्या पेल्याला शेजारी एक वेगळा पाट ठेवा, आणि तो पेटीपेक्षा ठेंगणा असू द्या.